डावीकडून दुसरा

फिलूचा होता गिटारवाला.
नाताळात देवबागला वाजवून गेला,
केस खांद्यापर्यंत, ओठात न पेटवलेली सिगारेट.
तेव्हापासून ती भूगोलाच्या वहीत मागच्या पानावर
त्याची सही स्वतःच करायची,
रोज वेगळी.

माझा पखवाजी.
हे सांगण्यासारखं नव्हतं.
गिटारवाल्यावर मरता येतं,
भजनातल्या पखवाजवाल्यावर कोण मरतं?
मी मेले. ब्याण्णव साली, दहावीत.

सातेरीच्या देवळात डबलबारी होती.
समोरासमोर दोन बुवा, एकमेकांना कोडी घालणारे.
अर्धा गाव याचा, अर्धा त्याचा,
मध्ये शेंगदाणेवाला, दोघांचाही.
मी बघत होते गुणाजी मेस्त्रीचा डावा हात.
कणीक लावलेल्या तोंडावर तो पडला
की मंडपातली ट्यूब थरथरायची.
इतरांना विचारलं, कुणाला दिसली नव्हती.

पहाटे गजर संपला, माणसं चपला शोधायला लागली,
तेव्हा स्टेजवरून मी उचलली
पखवाजाची सुटलेली कणकेची खपली
आणि कंपासपेटीत ठेवली, कर्कटकाशेजारी.
चौथ्या दिवशी मुंग्यांनी नेली.
फिलू म्हणाली,
"बरा झाला. तुझो घोव मुंग्यांनी खाल्लो."

मग कॅसेट आली. आईच्या सोमवारच्या बाजारातून,
सुक्या बांगड्यांच्या पैशांतून रुपया रुपया मारून घेतली.
पैशांना वास होता, दुकानदार काही बोलला नाही.
कव्हरवर मधोमध बुवा, फेटा, पाच अंगठ्या.
मागच्या रांगेत, डावीकडून दुसरा,
नखाएवढा, तो.
त्याच्याभोवती मी निळ्या शाईनं गोल काढला
आणि गोलाला टेकून माझं नाव लिहिलं, सौ. लावून.

झालं ते एवढंच.
एकदा आचऱ्याच्या जत्रेत
"पाणी आसा काय गो?" म्हणाला,
ते माझ्या मागच्या बाईला.

परवा पंचायत समितीत, माझ्या टेबलासमोर,
एक म्हातारा, पिशवीत फाइल.
वृद्ध कलावंत मानधन.
नाव वाचण्याआधी मी हात ओळखला.
त्रुटी माझ्याच अक्षरातली होती, महिन्यापूर्वीची, लाल:
"कलावंत असल्याचा पुरावा जोडलेला नाही."

"बाय, पुरावो खयसून हाडू?
वादळात पत्रे उडाले, कागद भिजान गेले.
बुवा गेले, मंडळ मोडला.
आयकलेली माणसां आसत,
पण त्यांची झेरॉक्स निघना नाय."

रात्री ट्रंक उपसली. नवऱ्यानं विचारलं काय शोधतेस,
म्हटलं, ऑफिसचं.
टेपला बुरशी लागलेली, कव्हर शाबूत.
रबर चालेना. नेलपॉलिशच्या औषधानं
आधी बुवांचा फेटा गेला, तेव्हा थांबले.
शेवटी झेरॉक्सवाल्याकडे नावावर कागदाची पट्टी धरली.
गोल मात्र आला. काळा, ठसठशीत.

साहेबांनी विचारलं, "हा गोल कसला?"
म्हटलं, "अर्जदार कोणता ते कळावं म्हणून."
"व्हेरी गुड," म्हणाले.
खाली शिक्का मारला, सत्यप्रत,
आणि मी सही केली, माझी, कायद्यानं जशी आहे तशी.

तो झेरॉक्सकडे बराच वेळ बघत राहिला.
डावा हात टेबलावर. दोन बोटं उठली, परत बसली.
"ही कॅसेट तुमच्याकडे कोण आयकी?"
"बाबा," म्हटलं.
बाबांना भजनाचा तिटकारा होता.

संध्याकाळी वसईला फोन लावला.
फिलू इतकी हसली की तिला ठसका लागला,
मागून कुणीतरी पाणी दिल्याचा आवाज आला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, फोन कट झाला.

"आणि गो," ती म्हणाली,
"गिटारवाल्यांका मानधन
खयच्या ऑफिसात गावता?"